नव्या लँडमध्ये आधी झोके

भुसावळ,
आखाजीनंतरचा (अक्षय्य तृतीयेनंतरचा) रविवार

प्रिय संज्या,

फोनची रेंज गेली आणि आपलं भांडण अर्धवट राहिलं. "सिनेमा नसला तर त्या लँडला कुणी विचारणार नाही भो," हे तुझं शेवटचं वाक्य. ते पटलेलं नाही, म्हणून लिहायला बसलोय. खोपोलीच्या इमॅजिका पार्काने उद्या नवी लँड, म्हणजे एकाच गोष्टीवर उभा केलेला पार्काचा नवा भाग, करायची म्हटली तर ती कशाची असावी, हा आपल्या चौघांचा नुसता खेळ होता हे मलाही माहीत आहे. पार्काने काही जाहीर केलेलं नाही आणि आपल्याला कुणी विचारलेलंही नाही. पण माझ्याकडे आता नकाशांची वही भरत आली आहे, आणि तुझ्याशी वाद घातल्याशिवाय ती पुढे सरकणार नाही.

तुझं म्हणणं आधी नीट मांडतो, म्हणजे उगाच वाकवलं असं व्हायला नको. दक्षिणेकडचा एखादा भव्य सिनेमा घ्यायचा. राजवाडा, धबधबा, हत्ती, युद्ध. लोकांना गोष्ट आधीच ठाऊक असते, त्यामुळे दारातून आत आल्याबरोबर त्यांना आपण कुठे आहोत ते कळतं. पुरावा म्हणून तू ऑर्लंडोकडे बोट दाखवतोस: 2010 साली युनिव्हर्सलने हॅरी पॉटरची लँड उघडली, 2017 साली डिस्नेने 'अवतार' सिनेमातली पँडोरा उघडली, आणि तेव्हापासून सगळं जग त्याच वाटेने चाललंय. हे खरं आहे. पण त्या पॉटरच्या गावात गेलेला माणूस काय करतो ते बघ ना. तो कांडीच्या दुकानात रांग लावतो, बटरबिअर पितो, खिडकीपुढे उभा राहून कांडी फिरवतो. त्या गावची माणसं जे करतात तेच त्याला करायला मिळतं. सिनेमाने त्याला गावचा पत्ता दिला, एवढंच. गुंगवून ठेवतं ते हातांना मिळालेलं काम.

आणि सिनेमाशिवाय जमत नाही म्हणतोस, तर आनंदपूरचं काय? डिस्नेचं अ‍ॅनिमल किंगडम पार्क ऑर्लंडोतच 1998 मध्ये उघडलं आणि पुढच्याच वर्षी तिथे आशियाची लँड झाली. आनंदपूर हे तिथलं कल्पनेतलं राज्य. कुठल्या पडद्यावर ते कधी दिसलेलं नव्हतं. डिस्नेचा डिझायनर जो रोड आणि त्याची माणसं भारत-नेपाळ हिंडली, आणि परत जाऊन त्यांनी पोपडे उडालेल्या भिंती बांधल्या, लोंबणाऱ्या तारा, हाताने रंगवलेल्या जाहिराती, पडक्या महालात फिरणारे वाघ. 2006 मध्ये त्याच लँडमध्ये एव्हरेस्टचा रोलर कोस्टर आला. त्यातला यती उघडल्यावर लवकरच हात हलवायचा थांबला, आणि पार्कवेडी माणसं आजही त्याच्या दुरुस्तीवरून भांडतात. आनंदपूर काढून टाका म्हणणारा मात्र मला अजून भेटलेला नाही. नाव कल्पनेतलं असल्याचा मोठा फायदा असा की "आमच्या गावात असं नसतं" म्हणून कुणी अडवत नाही, आणि बारीकसारीक सगळं खरं असल्यामुळे आपल्यासारख्यालाही ते ओळखीचं वाटतं.

खोपोलीचंच घे. तुझी आवडती राइड कुठली? राजासॉरस. 2003 साली ज्याला नाव मिळालं तो नर्मदेच्या खोऱ्यातला डायनोसॉर. हाडं गुजरातेत सापडली, पण जी नर्मदा त्याच्या नावात आहे ती आपल्या नंदुरबारच्या उत्तरेच्या कडेने वाहते. म्हणजे इथल्या मातीतली गोष्ट घेऊन त्यांनी पाण्यातली राइड केली आणि तू पावसाळ्यात भिजत पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिलास. कुठला सिनेमा होता तिथे?

आता आपल्या चौघांतल्या सरांची कल्पना. तू ती "शाळेची सहल" म्हणून उडवून लावलीस, ते मला अजिबात आवडलं नाही. सर म्हणतात लँड पाटणादेवीची करा. चाळीसगावजवळच्या त्या जंगलात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला; 1207 चा शिलालेख तसं सांगतो. सरांनी लीलावतीतलं मोराचं गणित फळ्यावर काढून दाखवलं. नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ, साप सत्तावीस हातांवरून बिळाकडे येतोय. मोराने तिरकी झेप घेतली आणि दोघांनी सारखंच अंतर कापलं, तर गाठ बिळापासून किती हातांवर पडेल? बारा. आता हे वहीत न सोडवता फरशीवर सोडवायचं अशी कल्पना कर. खरा नऊ हातांचा खांब, वर मोर, खाली दगडात कोरलेले हात. पोरं आपल्या हातांनी मोजत जातील, जिथे गाठ पडेल असं वाटतं तिथे उभी राहतील, आणि बारा हातांच्या दगडावर पाय पडला की वरचा मोर झेपावेल. मला हे फार आवडलं. अख्खी लँड त्यावर उभी राहणार नाही, पण एक चौक नक्की राहील, आणि मी तो नकाशात घेतलाय.

माझी कल्पना तुला ठाऊक आहे. तापीसारख्या नदीकाठचं एक गाव, कल्पनेतलं, दोन नद्यांच्या संगमावर. चांगदेवला तापी-पूर्णा भेटतात तसं. त्या गावात जत्रा भरलेली. मुख्य कोस्टर बारागाड्यांचा. एकामागे एक जोडलेल्या बारा बैलगाड्या, माणसांनी खचाखच भरलेल्या, आणि त्या ओढल्या जातात तेव्हा सगळ्या गावाचा जो गलका होतो तो तू लहानपणी ऐकला आहेस. कोस्टरच्या गाडीला डबे लागतातच. ते बारा असतील आणि लाकडी चाकांचे दिसतील. ओढणारा भगत मात्र मी कुठेही दाखवणार नाही. ती त्याची श्रद्धा आहे, तिचा पुतळा करून तिकिटावर फिरवायचा नाही.

यावर तू टाकलेला प्रश्न सगळ्यात अवघड होता, आणि त्याने माझी झोप उडवली. "जत्रा तर फुकट बघायला मिळते, तिकीट काढून कोण येईल?" अ‍ॅनिमल किंगडममध्येच याचं उदाहरण घडलंय. डिनोलँडच्या एका भागात त्यांनी मुद्दाम रस्त्याकडेच्या स्वस्त जत्रेचा देखावा उभा केला. डांबरी मैदान, भडक रंग, साधे पाळणे. त्यामागची गोष्ट त्यांनी तपशिलाने रचली होती. पण मुद्दाम केलेला स्वस्त देखावा बघणाऱ्याला स्वस्तच दिसला, आणि पार्कप्रेमी त्यावर वर्षानुवर्षं चिडत राहिले. आता तो भाग गेला. तिथे उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेची लँड होते आहे, 2027 साली उघडणार असं जाहीर झालंय. म्हणजे जत्रा घ्यायची तर पाल, फुगे, रहाटपाळणा एवढ्यावर भागणार नाही. जत्रा ज्या गावात भरते ते गाव आधी उभं राहायला हवं: घाट, पार, वाडे, वाड्यांमागची केळीची बाग.

हे मी घरी बोलत होतो तेव्हा आई मांडे करत होती. ती सगळं ऐकून म्हणाली, "सावली कुठी हाये रे तुमच्या त्या जत्रेत? माणूस उन्हात भाजून मरीन ना. अन् बायांनी काय करायचं? पिशव्या धरून बसायचं?"

संज्या, तिच्या त्या बोलण्याने माझा सगळा नकाशा बदलला.

सावलीचं आधी. डिस्नेलँड 17 जुलै 1955 ला उघडलं त्या दिवशी नुकतंच टाकलेलं डांबर उन्हाने मऊ पडलं आणि बायकांच्या सँडलच्या टाचा त्यात रुतल्या. प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळही पुरेसे नव्हते. कॅलिफोर्नियात ही गत, तर मे महिन्यात पंचेचाळीस अंश सोसणाऱ्या आपल्या माणसांना उन्हात रांग लावायला सांगणं हा गुन्हा आहे. आपल्या नकाशात पहिली रेघ कोस्टरची होती. आता पहिली रेघ कडुनिंबांची आहे. झाडं वाढायला वर्षं लागतात, म्हणून ती सगळ्यात आधी लावायची आणि त्यांच्या सोयीने रस्ते वळवायचे. प्रत्येक रांग माळवदाखाली किंवा ओसरीतून जाईल, आणि रांजण हाताला लागतील असे.

आणि बायका. कुठल्याही पार्कात बघ, राइडच्या बाहेर बाकावर चपला, चष्मे, पिशव्या घेऊन कोण बसलेलं असतं? आई, मावशी, वहिनी. मी दर वेळी ते बघत आलो आणि ते तसंच असतं असं धरून चाललो. आणि आपल्याकडे वर्षातला एक सण असा आहे की ज्यात झोका बाईचाच असतो. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला दोर बांधले जातात, आणि एरवी चार माणसांत मोठ्याने न हसणारी बाई उभ्याने झोका चढवते. परवा आमच्या गल्लीत माझी मोठी मावशी झोक्यावर उभी राहिली. गुडघे दुखतात तिचे. कुणी थांबवू शकलं नाही. म्हणून माझ्या लँडची मुख्य राइड आता बारागाड्या नाही, झोके आहेत. गावाच्या मधोमध निंबांची मोठी राई आणि तिच्यात चाळीस झोके. दुरून दिसणारं, माणसाला ओढून आणणारं जे काही लँडमध्ये लागतं, डिस्नेलँडमध्ये ते काम 77 फुटांचा किल्ला करतो, ते इथे या वरखाली होणाऱ्या रंगीत लुगड्यांनी करावं.

तिथे पोचायचं कसं, हे तुला सांगायलाच नको. पीजेने! पाचोरा-जामनेर, अडीच फुटी रुळांवरची, छप्पन्न किलोमीटरची आपली गाडी. 2020 पासून बंद आहे आणि तिथे ब्रॉडगेज होतंय. लोकांची सोय होणार हे चांगलंच आहे. पण त्या डब्याच्या लाकडी बाकावर बसून बाहेरच्या कपाशीकडे बघत जाणं पुन्हा मिळणार नाही. वॉल्ट डिस्नेने पार्काभोवती फिरवलेली रेल्वे तीन फुटी रुळांची आहे, म्हणजे आपली त्याहून अरुंद. पार्कात सहज मावेल. लोक पीजेतून उतरतील तेव्हा त्यांना आधी धूर यावा, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजल्याचा. मोठी पार्कं वास सोडायला यंत्रं बसवतात. आपल्याकडे खरं भरीतच होत असेल.

जेवणाचं फार लिहीत नाही. कळण्याची भाकरी, भरीत, शेवभाजी, आणि मांडे समोर करून दाखवणाऱ्या बाया. हातावर पोळी पसरत पसरत कोपरापर्यंत जाते आणि उलट्या खापरावर पडते, ते बघायला पोरं राइड सोडून उभी राहतील.

एका गोष्टीवर मी ठाम आहे. बांधकामवाल्या आपल्या मित्राने सातपुड्यातल्या काठी गावची आदिवासींची होळी आणि होळीआधीचा भोंगऱ्या बाजार लँडमध्ये रोज संध्याकाळी शो म्हणून घ्यावा असं सुचवलं. मी नाही म्हणालो, आणि त्याला राग आला. सातपुड्यातली माणसं ती होळी स्वतःसाठी करतात, रात्रभर, नवस फेडायला. ती बघायची असेल तर तिथे जाऊन, त्यांचा पाहुणा होऊन बघावी. फ्रान्समध्ये पुई दू फू नावाचं पार्क आहे. तिथे 1978 पासून रात्रीच्या मोठ्या खेळात त्या भागातले गावकरीच काम करतात, स्वयंसेवक म्हणून, आपल्याच मुलखाचा इतिहास सांगतात. राइड एकही नाही आणि तरी लोक लांबून येतात. तिथे ठरवणारे आणि खेळणारे एकच आहेत, म्हणून ते शोभतं. आपण जळगाव-भुसावळची चार पोरं दुसऱ्याच्या सणाचं वेळापत्रक लावायला गेलो तर शोभणार नाही.

आता तुझ्याकडे काम. तू इंजिनीअर, तर हा हिशेब तपासून दे. बारागाड्यांत प्रत्येक गाडीत दोघं, म्हणजे चोवीस. दीड मिनिटाला बारा गाड्यांची एक फेरी सुटली तर तासाला 960 माणसं. झोक्याचं असं: दोघी एका झोक्यावर, चढउतार धरून पाच मिनिटं, तासाला 24. चाळीस झोके म्हणजे तेही 960. आकडा बरोबर असेल तर चाळीस झोके एका कोस्टरइतकी माणसं सांभाळतात, आणि खर्च कितीतरी कमी. अडचण एवढीच की फांदीला दोर बांधायची परवानगी कुणी देणार नाही, लोखंडी सांगाडा लागेल. तो पानांत लपवायचा कसा, आणि उभ्याने झोका घेऊ देऊन सुरक्षित कसा ठेवायचा? पट्ट्याने बांधून बसवलं तर आईने ते झोक्यात धरायचं नाही असं आत्ताच सांगून ठेवलंय.

सांगाड्याचं चित्र काढून पाठव, मोजमापांसह. आणि पाठवण्याआधी वहिनींना दाखव. झोक्याचा दोर किती लांब हवा ते त्यांना आपल्या दोघांपेक्षा जास्त कळतं.

तुझाच,
पक्या