देणगी द्या, पण फोटो मागू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी व्यवसायाने हिशेब तपासनीस आहे. ट्रान्सजेंडर आणि क्रॉसड्रेसिंग करणाऱ्या व्यक्तींसाठी झटणाऱ्या काही संस्थांच्या वह्या माझ्या नजरेखालून गेल्या आहेत. त्यावरून एक तक्रार मांडतो. ती संस्थांबद्दल नाही, देणाऱ्यांबद्दल आहे.

देणगीच्या पत्राला हमखास एक अट जोडलेली असते : कार्यक्रमाचे फोटो आणि लाभार्थींची यादी पाठवा. शाळेला बाके दिली तर बाकांचा फोटो मागणे समजू शकते. इथे यादीतल्या एका नावावर कुणाची नोकरी, कुणाची भाड्याची खोली, कुणाचा संसार अवलंबून असतो. क्रॉसड्रेसिंग करणाऱ्यांत लग्न झालेले, कामधंद्यात स्थिरावलेले कितीतरी पुरुष असतात. आपण पुरुष आहोत याबद्दल त्यांच्या मनात बहुधा शंका नसते. अधूनमधून स्त्रीवेशात वावरल्याशिवाय मात्र चैन पडत नाही. ट्रान्सजेंडर व्यक्तीचे तसे नाही. जन्मावेळी नोंदवलेले लिंग आणि तिची स्वतःची ओळख यांचा मेळच बसत नाही. आपण या दोन्हींत नक्की कुठे आहोत हे उमगायला काहींना वर्षे लागतात आणि तोवर मोकळेपणाने बोलता येईल अशी एक जागा लागते. त्या जागेचा फोटो कसा काढणार?

ब्रिटनमधली ब्यूमाँट सोसायटी १९६६ साली सुरू झाली. अठराव्या शतकातला फ्रेंच मुत्सद्दी आणि हेर शेव्हालिए देआँ आयुष्याची शेवटची काही दशके स्त्री म्हणून जगला. त्याच्या घराण्याचे नाव संस्थेने घेतले. समदुःखी माणसांची गाठ घालून देणे आणि त्यांची नावे बाहेर फुटू न देणे, हे तिचे सुरुवातीचे मोठे काम. पुढे सभासदांच्या बायकांशीही कुणीतरी बोलायला हवे, हे ओळखून तशीही सोय झाली. मला हे फार शहाणपणाचे वाटते. कपाटात अनोळखी साडी सापडली की घरात काय होते, याची कल्पना करायला समुपदेशक असण्याची गरज नाही.

दुसरे दुखणे भाड्याचे. सिल्व्हिया रिव्हेरा आणि मार्शा पी. जॉन्सन या चळवळीतल्या दोघी कार्यकर्त्यांनी १९७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘स्टार’ ही संघटना उभी केली आणि घराबाहेर काढलेल्या पोरांसाठी निवारा उघडला. भाडे भरण्यासाठी त्या दोघी रस्त्यावर देहविक्रय करत, जेणेकरून पोरांना तो करावा लागू नये. तरी पुढच्याच वर्षी जागा गेली. आज दोघींची नावे जगभर आदराने घेतली जातात. त्या वेळी मात्र दरमहा भाडे देणारा कुणी भेटला नाही. आजही देणग्या अशाच येतात : जूनमध्ये प्राइडच्या, म्हणजे या समाजाच्या अभिमान मिरवणुकांच्या निमित्ताने आणि २० नोव्हेंबरला, म्हणजे हिंसेत बळी गेलेल्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या स्मृतिदिनाला. भाडे बाराही महिने असते.

पगाराचे तर नावच काढू नका. ‘आमचे पैसे प्रशासनावर खर्च करायचे नाहीत’, हे वाक्य मी इतक्या पत्रांत वाचले आहे की आता पाठ झाले आहे. अमेरिकेत २०१४ साली सुरू झालेली ट्रान्स लाइफलाइन ही हेल्पलाइन पाहा. फोन उचलणारी व्यक्ती स्वतः ट्रान्सजेंडर असते आणि फोन करणाऱ्याच्या संमतीवाचून पोलीस किंवा रुग्णवाहिका परस्पर बोलावली जात नाही. अशा कामात खर्च होणार तो माणसांवर, त्यांच्या प्रशिक्षणावर आणि फोनवर. तो ‘प्रशासन’ म्हणून वगळला तर उरते काय? भिंतीवरचा फलक.

आणखी एक सूर ऐकू येतो : सेवाकार्याला देऊ, चळवळीला नको. हा मला सगळ्यात चुकीचा वाटतो. कायद्याने लिंगबदलाची नोंद करू देणारा स्वीडन हा जगातला पहिला देश, साल १९७२. पण त्यासाठी नसबंदीची सक्ती होती! ती २०१३ मध्ये गेली, म्हणजे एकेचाळीस वर्षांनी, तीही संघटनांचा पाठपुरावा आणि न्यायालयाचा निकाल यांमुळे. पुढे २०१८ मध्ये तिथल्या संसदेने बाधितांना प्रत्येकी २,२५,००० क्रोनर भरपाई मंजूर केली. आपल्याकडे १५ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला, तोही याचिका घेऊन कुणीतरी दाराशी गेले म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ट्रान्सजेंडर असणे मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढले, त्यामागेही वर्षानुवर्षांच्या बैठका आणि कागदपत्रे आहेत. या कामाला फीत कापण्याचा दिवस नसतो. वकिलाची फी, भाषांतर, प्रवास, छपाई असले रूक्ष खर्च असतात आणि त्यांना पैसे देणारे थोडेच.

‘फोटो नाही तर पैसे खाल्ले नाहीत कशावरून?’ हा प्रश्न रास्त आहे. पण फोटोवरून हिशेब तपासता आला असता तर आमचा धंदा केव्हाच बसला असता. लेखापरीक्षण झालेला ताळेबंद मागा. वर्षात किती फोन आले, किती प्रकरणांत वकील दिला, किती जणांना निवारा मिळाला, हे आकडे नावांशिवाय देता येतात. विश्वस्त मंडळात या समाजातली माणसे आहेत का आणि त्यांना मत आहे की फक्त खुर्ची, हे विचारा. कामाला ठेवलेल्यांना वेळेवर पगार मिळतो का, हेही विचारा; तिथे संस्थेची खरी प्रकृती कळते. समाधान झाले तर रक्कम लहान असली तरी चालेल, पण दरमहा द्या आणि ती कुठे खर्चायची ते संस्थेवर सोडा.

ज्यांना पैसे देणे जमत नाही त्यांच्याजवळही उपयोगी गोष्टी असतात. वकिलाने महिन्यातले काही तास द्यावेत, डॉक्टरने हिणवल्याशिवाय तपासावे. एखाद्याकडे सुट्टीच्या दिवशी रिकामे असणारे कार्यालय असेल, तर आधारगटाच्या बैठकीला ते द्यावे. आत कपडे बदलायला खोली असली तर फारच उत्तम, कारण घरून तयार होऊन निघणे अनेकांना शक्य नसते.

एक गोष्ट खास देणगीदारांसाठी. आपल्यातल्या काहींना या विषयाची आच घरातली किंवा स्वतःची असते आणि म्हणूनच नाव उघड होण्याची भीती वाटते. तुमचे नाव संस्थेच्या वहीत राहील, त्याला इलाज नाही. पण वार्षिक अहवालात किंवा आभाराच्या फलकावर ते छापू नका, असे देतानाच लेखी कळवा.

आपला,
एक हिशेब तपासनीस वाचक