नेम चुकत नाही, गोळी चुकते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत टेक्सासमधल्या चितळांवरचा लेख वाचला. १९३२ साली आपल्याकडचे चितळ तिथे नेले, पुढे ते कुंपणाबाहेर पडून हिल कंट्रीभर (टेक्सासच्या मध्यातल्या टेकड्यांच्या भागात) पसरले आणि आता तिथल्या मूळच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या तोंडचा चारा पळवतात, हे सगळे बरोबर आहे. पण तिथली शाळकरी पोरेही पॉइंट टू-टूच्या चिमुकल्या गोळीने चितळ लोळवतात, गोळी लहान म्हणून जनावराला त्रासही कमी, असे लेखकाने जे ठोकून दिले आहे ते वाचून राहवले नाही.

मी नागपूरला पशुवैद्यक शिकले आणि बरीच वर्षे केरव्हिलच्या परिसरात गुरा-घोड्यांची डॉक्टरकी करते. इथे आमच्याकडे चितळाला हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही. सरकारदरबारी ते परके जनावर. शिकारीचा परवाना आणि जमीनमालकाची संमती असली की झाले. मी स्वतःही शिकार करते. घरी खाण्यापुरती, आणि चितळाच्या मटणासारखे मटण नाही असे माझे प्रामाणिक मत आहे. (महाराष्ट्रात चितळाला १९७२ च्या कायद्याचे संरक्षण आहे. पुढचे सगळे टेक्सासपुरते समजावे.)

लेखकाने दोन काडतुसांची गल्लत केली आहे. जत्रेतल्या नेमबाजीला शोभणारी पॉइंट टू-टू वेगळी आणि पोरांच्या हातात असते ती पॉइंट टू-टू-थ्री, म्हणजे टू-टू-थ्री रेमिंग्टन, वेगळी. हे आकडे म्हणजे गोळीची इंचातली जाडी, आणि ती दोन्हीत जवळपास सारखीच, साडेपाच-पावणेसहा मिलिमीटर. पण पहिलीची ४० ग्रेन वजनाची गोळी नळीतून बाहेर पडते तेव्हा तिच्यात १८० ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते, तर दुसरीची ५५ ग्रेनची गोळी सेकंदाला हजार मीटरच्या जवळपास वेगाने सुटते आणि १,७०० ज्यूलच्या वर जाते. आपल्या जवानांची इन्सास ज्या जातीचे काडतूस खाते, त्याचेच हे नागरी भावंड. पहिलीने पांढऱ्या शेपटीचे हरीण मारायला टेक्सासमध्ये कायद्यानेच बंदी आहे. दुसरी चालते. तरीही कोलोरॅडोत हरणासाठी किमान पॉइंट टू-फोर लागते, व्हर्जिनियात पॉइंट टू-थ्री. म्हणजे त्या दोन राज्यांत टू-टू-थ्री बाद. त्या नियमांमागे कारण आहे.

ग्रेन म्हणजे आपल्या सोनाराच्या अर्ध्या गुंजेहून किंचित जास्त. ५५ ग्रेनची गोळी भरते साडेतीन ग्रॅम, तिशीच्या आत-बाहेर गुंजा. एवढ्याशा धातूने चामडे, बरगडी ओलांडून दोन्ही फुप्फुसे फाडायची असतात. मोठ्या बोअरच्या, म्हणजे रुंद नळीच्या, रायफलीत गोळी जरा कमी प्रतीची निघाली तरी वजन तिला निभावून नेते. लहान बोअरला ती सवलत नाही. तिथे गोळीची घडण हेच सर्वस्व, आणि दुकानात नेमके याकडेच कोणी बघत नाही. खोक्यावर 'टू-टू-थ्री' दिसले, स्वस्त दिसले, की उचलले.

त्या खोक्यांत तीन प्रकारचा माल असतो. एक, प्रेअरी डॉग (बिळात राहणारी खारीच्या जातीची जनावरे) आणि कोयोटी (लांडग्याची छोटी जात) यांच्यासाठीचा. वरचे तांब्याचे कवच कागदासारखे पातळ, टोकाला रंगीत प्लास्टिक. लागताक्षणी फुटून चुरा व्हावा म्हणूनच बनवलेला. माझ्याकडे एका रँचवाल्याने एकदा चितळाचा नर आणला होता. पहिली गोळी फऱ्यावर बसूनही तो दुसऱ्या दिवशी सापडेपर्यंत जिवंत होता. कातडी सोलली तर फऱ्यावर तळहाताएवढा खड्डा, मांसाचा लगदा, त्यात तांब्याच्या कपच्या, आणि फऱ्याचे हाड नुसते तडकलेले. खाली बरगड्या शाबूत, फुप्फुसे गुलाबी, धडधाकट. नेम अगदी जागेवर होता. लेखकाला लहान गोळीचा कमी त्रास पाहायचा असेल तर तो असा दिसतो.

दुसरा माल पूर्ण कवचाच्या, लष्करी धर्तीच्या गोळ्यांचा. ही लागल्यावर पसरून रुंद होत नाही, म्हणजे फुलतच नाही. दाभणासारखी आरपार जाते, जनावर मैलभर पळते आणि झुडपात जाऊन सावकाश मरते. कित्येक राज्यांत हरणासाठी तिला मनाई आहे. मिनेसोटात तर गोळी फुलणारीच हवी असे नियमात लिहिले आहे.

हरणाला लागतो तो तिसरा प्रकार: फुलणारी, पण फुटून न जाणारी गोळी. या खटाटोपाचा इतिहास मजेशीर आहे. १९४६ साली कॅनडात शिकारीला गेलेल्या जॉन नॉस्लर यांच्या गोळ्या एका मूसच्या (घोड्याएवढ्या मोठ्या हरणाच्या) चिखलाने माखलेल्या, जाड कातडीवर वरच्या वर फुटल्या. त्यांनी मग गोळीच्या पोटात तांब्याची आडवी भिंत घातली: पुढचा अर्धा भाग फुलतो, मागचा तसाच घुसत राहतो. ही पार्टिशन गोळी टू-टू-थ्रीसाठी आजही ६० ग्रेनमध्ये मिळते. फेडरल कंपनीची ६२ ग्रेनची फ्यूजन आहे, तिच्यात शिसे आणि कवच एकजीव केलेले असते. बार्न्स कंपनीची टीएसएक्स निखळ तांब्याची, शिसे नाहीच. माझी निवड ही शेवटची. पलीकडच्या बाजूला कातडीखाली कधी सापडली तर चार पाकळ्या मागे वळलेल्या आणि वजन जवळजवळ होते तेवढेच.

मात्र तांबे शिशापेक्षा हलके, त्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, आणि लांब गोळीला हवेत सरळ ठेवायला नळीतला पीळ, म्हणजे गोळीला गिरकी देणाऱ्या आतल्या मळसूत्री खाचा, घट्ट लागतो. जुन्या टू-टू-थ्री रायफलींत बारा इंचांत एक फेरा असा सैल पीळ असतो. नव्यांत नऊ, आठ, सात इंचांत एक. हा आकडा बहुधा नळीवरच कोरलेला असतो, तो वाचावा आणि मग खोके उचलावे. सैल पिळाच्या नळीतून लांब गोळी गेली तर डगमगते आणि कागदावर गोल भोकाऐवजी आडवी चीर पाडते. शंभर यार्डांवर कागद लावून आधी बघून घेतले की प्रश्न मिटतो.

चितळ हे इथल्या हरणापेक्षा दणकट जनावर, हेही लेखात यायला हवे होते. हिल कंट्रीतला पांढऱ्या शेपटीचा नर बहुतेक वेळा साठ किलोही भरत नाही. चितळाचा मोठा नर शंभरापर्यंत जातो. आणि ५५ ग्रेनची नेहमीची गोळी शंभर यार्डांवर पाव हिश्शाहून जास्त आणि दोनशेवर जवळपास निम्मी ऊर्जा घालवून बसते. म्हणून माझ्या लेकीला मी शंभर यार्डांपलीकडे टू-टू-थ्री उचलू देत नाही. जनावर आपल्याला पूर्ण कूस दाखवत आडवे उभे हवे, नेम फऱ्याच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शावर. समोरून नाही, मागून तर नाहीच.

मग मोठी रायफल का देत नाही, असे माझे शेजारी विचारतात. उत्तर त्यांच्याच खांद्यावर आहे. पंधरा वर्षांच्या पोरीला जबर धक्का देणारी रायफल दिली की घोडा दाबायच्या आधी डोळे मिटतात, आणि मिटल्या डोळ्यांची मोठी गोळी पोटात बसते. धक्का नाही म्हणून शांत राहणारी लहान रायफल आणि योग्य गोळी मला त्याहून बरी वाटते. मोठ्या माणसाला मात्र मी टू-टू-थ्रीचा सल्ला देणार नाही. त्याने टू-फोर-थ्री विंचेस्टर घ्यावी, ९५-१०० ग्रेनची गोळी घालावी. धक्का सोसण्यासारखा असतो आणि एवढी चिकित्सा करावी लागत नाही.

शिशाबद्दल थोडे. दवाखान्यात एक्स-रे आहेच, म्हणून शिशाच्या गोळीने मारलेल्या चितळाचा फरा एकदा यंत्राखाली धरला. जखमेपासून वीतभर लांबपर्यंत पांढरे ठिपके पसरलेले, बोटाला लागणारही नाहीत असे बारीक. २००८ साली नॉर्थ डाकोटात गरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या मांसात असेच कण सापडले आणि ते टाकून द्यायला सांगितले गेले. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर सरसकट बंदी घातली. लेकरे तेच मटण खाणार असतील तर निदान जखमेभोवतीचे मांस सढळ हाताने कापून टाकावे.

शेवटी एक सूचना, कारण लेखाच्या शेवटी नातेवाइकांकडे येणाऱ्या वाचकांना 'हा अनुभव घ्याच' असा आग्रह आहे. पर्यटक व्हिसावर आलेल्या पाहुण्याने अमेरिकेत बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणे हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. इथल्या राज्याचा वैध शिकार परवाना खिशात असेल तर सूट मिळते. तेव्हा भाच्याने कितीही प्रेमाने रायफल पुढे केली तरी आधी परवाना काढावा, तो परराज्यातल्यांना आणि परदेशी पाहुण्यांनाही मिळतो. पुढच्या अंकात एवढी ओळ तरी छापावी ही विनंती.

आपली,
एक पशुवैद्य
केरव्हिल, टेक्सास