संग्राहकाच्या रकान्यात आईचे नाव लिहिणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव कोठे छापून आलेले आपल्याला आवडत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून या पत्रात ते लिहीत नाही आणि ज्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र प्रयोगशाळेत आपण आयुष्य काढले त्याचाही उल्लेख करत नाही. पण पत्र मात्र उघड लिहिते आहे. आपल्यासमोर बसून आभार मानायला लागले की आपण माशांच्या टाकीकडे पाहून शेवाळाच्या एखाद्या फांदीविषयी बोलू लागता आणि माझे म्हणणे दर वेळी मनातच राहते. आज ते सविस्तर लिहायचे मी ठरवले आहे.

पक्षाघातानंतर आईचा उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि बोलणे उरले ते फार सावकाश. शब्द तिच्याजवळ असतात, पण ओठांवर यायला त्यांना वेळ लागतो. तिचे माहेर गुहागर तालुक्यातले, घरापासून समुद्राचे खडप हाकेच्या अंतरावर. पुण्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत पडून राहिलेल्या माणसाला तो समुद्र पुन्हा दाखवणे शक्य नव्हते, म्हणून दोन वर्षांपूर्वी मी तिच्या पलंगाशेजारी तीन फुटी, सुमारे १२० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. मला प्रवाळ नको होते. जिवंत प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि आईच्या आठवणीतही ते नव्हते. तिच्या आठवणीत होते ओहोटीला उघडे पडणारे खडक, त्यांवरचे हिरवे-तांबडे शेवाळ आणि डबक्यांतून सुळकन पळणारे छोटे मासे. म्हणून टाकीत द्राक्षांच्या घोसांसारखी दिसणारी कौलेर्पा आली, पानासारखी पातळ उल्वा आली, आणि पैदास केंद्रात जन्मलेले दोन क्लाउनफिश, हळूहळू खाऱ्या पाण्याची सवय लावलेले चार काळे मोली व एक गोबी आला. दगडावर टेकून बसलेल्या गोबीला पाहून आईने पहिल्याच दिवशी ‘निवटी’ म्हटले, म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा छोटा मासा. तो निवटी नव्हता, पण त्याच गोतातला होता, आणि आजारपणानंतर तिने स्वतःहून उच्चारलेला तो पहिला शब्द होता.

यापुढचे लिहिताना अजूनही मनाला त्रास होतो. ज्या दुकानातून मी हे सारे साहित्य घेतले तेथे प्रवाळांच्या टाक्यांचे नियम पाठ होते आणि त्यांच्या दृष्टीने शेवाळ म्हणजे घाण. पाण्यातले नायट्रेट व फॉस्फेट शून्यावर आणायचे, हा त्यांचा एकच मंत्र होता. त्यांनी मला प्रोटीन स्किमर, म्हणजे पाण्यातली घाण फेसावाटे बाहेर काढणारे यंत्र, विकला, फॉस्फेट शोषणाऱ्या दाण्यांची पिशवी विकली, आणि कौलेर्पा फिकट पडू लागली तेव्हा आणखी एक पिशवी विकली. महिन्यातून दोनदा देखभालीला येणारा त्यांचा माणूस आईच्या पलंगाला पाठ करून उभा राही आणि माझ्याशी बोले. एकदा त्याने तिच्यासमोरच मला विचारले, “ह्यांना कळतं का काही?”

गेल्या श्रावणातल्या एका रविवारी संध्याकाळी तो आला होता, तेव्हा आई डावा हात वर करून टाकीकडे काहीतरी दाखवत होती. कौलेर्पाच्या घोसांचा रंग उतरून त्यांवर पांढुरक्या जाळीसारखी नक्षी उमटली होती. आईने ती पाहिली होती आणि ती ते सांगू पाहत होती. तो थांबला नाही. खरे सांगायचे तर त्या संध्याकाळी मीही थांबले नाही, आणि ही खंत आपल्याला पूर्वी बोलून दाखवलेली नाही म्हणून येथे लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे आईच्या उशाशी ठेवलेली देवघरातली घंटा वाजली. दिवा लावून पाहते तो टाकीतले पाणी हिरवट दुधासारखे झालेले, कौलेर्पाच्या जागी पारदर्शक सालपटे लोंबत असलेली आणि सगळे मासे पृष्ठभागाशी तोंड आणून धापा टाकत असलेले. दुकानदाराला फोन केला. “सगळं पाणी फेका आणि नव्याने सुरू करा,” एवढे बोलून त्यांनी ठेवून दिला आणि नंतर उचलला नाही. मग शेजारच्या बाईंनी, काका, मला आपला क्रमांक दिला. पहाटे साडेपाचला एका अनोळखी बाईचा रडवेला आवाज ऐकून आपण विचारलेला पहिला प्रश्न असा होता: “घरात तांब्या आहे ना?”

तांब्याने पाणी काढायचे, हातभर उंचीवरून परत टाकीत ओतायचे आणि मी येईपर्यंत थांबायचे नाही, असे आपण सांगितलेत. मी चाळीस मिनिटे ओतत राहिले. आई मोजत होती. शंभरापर्यंत मोजून ती पुन्हा एकापासून सुरू करी. आपण आलात तेव्हा हातात बॅटरीवर चालणारा हवेचा पंप होता आणि पावसाने सदरा भिजलेला होता. पुढच्या दोन तासांत आपण काय काय केले ते येथे लिहीत बसत नाही. एक मोली गेला, बाकीचे सगळे मासे वाचले.

आपण जे समजावून सांगितले ते मात्र लिहिते, कारण माझ्यासारख्या आणखी कोणाच्या तरी ते उपयोगी पडेल. कौलेर्पाचा सगळा पसारा, मग तो हातभर लांब का असेना, मुळात एकच पेशी असतो. आत भिंती नाहीत, केंद्रके मात्र असंख्य. पुनरुत्पादनाची वेळ आली की ती आपले सारे सत्त्व बीजरूपाने पहाटेच्या सुमारास पाण्यात सोडून देते आणि स्वतः संपते. मागे उरलेले कुजू लागते, पाण्यातला प्राणवायू झपाट्याने घटतो आणि मासे गुदमरतात. आदल्या दिवशी दिसणारी पांढुरकी जाळी हीच त्याची खूण. उपासमार झाली किंवा पाण्यात अचानक बदल झाला तर असे घडण्याचा संभव वाढतो, असे आपण म्हणालात, आणि मग दाण्यांच्या त्या पिशव्या हातात घेऊन अतिशय शांतपणे म्हणालात, “हिला रोग नव्हता हो. ही उपाशी होती.”

समुद्री शेवाळाला मुळे नसतात, ते सगळ्या अंगाने जेवते, आणि माशांच्या विष्ठेतून पाण्यात येणारे अमोनिया, नायट्रेट व फॉस्फेट हेच त्याचे जेवण, ही साधी गोष्ट हजारो रुपये खर्चून मला कोणी सांगितली नव्हती. जे पाणी प्रवाळांसाठी निर्मळ ते शेवाळासाठी रिकामे ताट. आपण स्किमर बंद करवलात, नायट्रेट लिटरला ५ ते १० मिलिग्रॅमच्या आसपास राहील इतका सोरा मोजून घालायला शिकवलेत, लोहाचा थेंब शिकवलात, आणि उन्हाळ्यात उडते ते पाणी, मीठ मागेच राहते, म्हणून रोजची तूट गोड्या पाण्यानेच भरायची हेही शिकवलेत. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये समुद्राचे पाणी, जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश एवढ्यावर मासे ठेवण्याची आपली पद्धत जगापुढे मांडली, ती हकीकत आपण चहा घेता घेता आईला सांगितलीत, मला नव्हे. ती त्या दिवशी किती वेळ जागी राहिली होती!

पण काका, हे पत्र ज्यासाठी लिहायला घेतले ते अजून पुढेच आहे.

कौलेर्पाच्या जागी आपण ग्रॅसिलेरिया या समुद्री शेवाळाची तांबूस झुडपे दिलीत, तीही आपल्या टाकीतली. खडपावर वाढलेले उपटून आणायचे नाही, असे आपण बजावलेत. मालवणचा परिसर तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. दोन महिन्यांत झुडपे काचेला टेकली आणि पहिल्या छाटणीला आपण येताना एक पसरट ट्रे, जाड पांढरे कागद, मलमलीचे तुकडे आणि जुनी वर्तमानपत्रे घेऊन आलात. मला वाटले, छाटणी आपण कराल. आपण ट्रेमध्ये टाकीतले पाणी भरलेत, तो आईच्या मांडीवर उशी ठेवून तिच्यावर टेकवलात, एक झुडूप त्यात सोडलेत आणि कात्री तिच्या डाव्या हातात दिलीत. कोणती फांदी तोडायची ते तिने ठरवायचे होते. तिला बराच वेळ लागला. आपण ट्रे धरून वाकून उभे होता, आपली पाठ दुखत असणार हे मला दिसत होते, आणि आपण एकदाही घाई केली नाहीत की तिचा हात धरला नाहीत.

तोडलेली फांदी आपण पाण्याखालच्या कागदावर सुईने पसरलीत, बारीकसारीक उपशाखा एकमेकींपासून सोडवल्यात आणि कागद अलगद वर उचललात. ती आपल्याच चिकाने कागदाला चिकटते, गोंद लागत नाही, हे आईला सांगितलेत. हिच्यापासूनच अगर म्हणजे चायना ग्रास काढतात, हेही सांगितलेत. मग आपण तिला विचारले, “तुमच्याकडे ह्याचं काय करायचे?” आणि पेन हातात धरून थांबलात. मी उत्तर द्यायला तोंड उघडले तेव्हा आपण डोळ्यांनीच मला नको म्हटलेत. भिंतीवरचे घड्याळ ऐकू येत होते. कितीतरी वेळाने आई म्हणाली, “वाहून यायचं. माडांच्या आळ्यात घालायचो.”

आठ दिवस दाबून वाळवलेला तो कागद आपण परत आणलात तेव्हा खालच्या कोपऱ्यात आपल्या वळणदार अक्षरात चिठ्ठी होती. वनस्पतीचे नाव, दिनांक, स्थळ. ‘संग्राहक’ या शब्दापुढे आईचे संपूर्ण नाव, माहेरच्या नावासह. स्थळाच्या जागी तिला आपल्या गावाचे नाव हवे होते आणि तिने ते बोटाने दाखवलेही. आपण तिची समजूत काढली नाहीत. एका शास्त्र जाणणाऱ्या माणसाशी बोलावे तसे आपण तिच्याशी बोललात: नमुना जेथे तोडला तेच स्थळ लिहावे लागते, नाहीतर पुढे पाहणारा फसतो. आणि मग खाली ‘शेरा’ असे लिहून पुढे भर घातलीत, ‘गुहागर तालुक्यात वाहून आलेले शेवाळ माडांना खत म्हणून वापरत, माहिती संग्राहकाकडून’. आईने तो कागद छातीशी धरला आणि संध्याकाळपर्यंत खाली ठेवला नाही.

गेल्या चार वर्षांत या घरात डॉक्टर आले, यंत्रांचे विक्रेते आले, नातेवाईक आले, व्यायाम घेणारे आले. त्यांपैकी अनेक जण भले होते. तरीही जवळजवळ प्रत्येकाने आईविषयी मला विचारले आणि आईकडून काही जाणून घ्यावे असे कोणालाच वाटले नाही. माझ्या लेखी सज्जनपणा म्हणजे ती चिठ्ठी लिहिताना आपण थांबलात तो वेळ. तो कोणालाही देता येतो, त्यासाठी पैसा वा पदवी लागत नाही, आणि तरी तो इतक्या थोड्या लोकांजवळ का असतो हे मला उमगत नाही.

मध्यंतरी मी लंडनच्या अ‍ॅना थिन यांच्याविषयी वाचले. १८४६ मध्ये त्यांनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला नेले आणि पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचे काम घरातल्या मोलकरणीवर सोपवले. पुढे त्यांनी पाण्यात समुद्री वनस्पतीही ठेवल्या. मी जे वाचले त्यात त्या मोलकरणीचे नाव नव्हते. ती पहाट, माझा तांब्या आणि आईचे मोजणे, सारे डोळ्यांपुढे आले आणि वाटले, काका तेथे असते तर त्यांनी ते नाव विचारून लिहून ठेवले असते.

आपण सांगितल्याप्रमाणे छाटणीतला एक तंतूसुद्धा मोरीत जाऊ देत नाही. १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखाली कौलेर्पाच्या एका परदेशी जातीची लहानशी चकती सापडली आणि ती पुढे भूमध्य समुद्रात मैलोन्मैल पसरली, हे आपण सांगितल्यापासून माझा हात आपोआप सावध होतो. छाटलेले सगळे गोड्या पाण्याने अनेकदा धुऊन, गच्चीत कडक वाळवून कढीपत्त्याच्या कुंडीत घालते. किती घालायचे ते आई सांगते.

ग्रॅसिलेरिया पुन्हा काचेला टेकली आहे आणि गोबीने तिच्या बुडाशी घर केले आहे, त्यामुळे त्या बाजूला कात्री लावू द्यायला आई तयार नाही. या रविवारी सकाळी आपल्याला सवड असेल तर यावे. कागद मी कापून ठेवले आहेत, मलमल धुऊन ठेवली आहे, आणि ट्रेखाली ठेवायला या खेपेला उंच पाट आणला आहे, म्हणजे आपल्याला वाकून उभे राहावे लागणार नाही.

आपली,
संग्राहकाची मुलगी