सूचना : आजारी मुलांसाठी डॉक्टरांचा नंबर लावताना

पालकहो, पाऊस सुरू झाल्यापासून ग्रुपवर रोज एकच प्रश्न येतोय, "नंबर मिळत नाही, काय करू?" फोन लागला की नुसतं "बाळाला बरं नाही" म्हणू नका. वय, वजन, ताप किती नि कधीपासून, शेवटचं औषध कधी दिलं, लघवी होतेय का, हे सलग सांगा. रिसेप्शनच्या ताई डॉक्टर नाहीत, पण कुणाला आधी आत सोडायचं ते बहुधा यावरच ठरतं. ओरडून नंबर पुढे सरकत नाही. ओळख सांगून सरकतो कधीकधी, पण कृपया तेही नको.

अंगावर पुरळ असेल तर फोनवरच सांगा. लसीकरणाला आलेली तान्ही बाळं क्लिनिकमध्ये तिथेच बसलेली असतात, त्यांना लागण नको.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, कोणत्याही वयात धाप, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा, झटके, दूध-पाणी पूर्ण बंद, मूल सुस्त पडणं : यात नंबर लावतच बसू नका. थेट जवळचं बालरुग्णालय, नाहीतर १०८. "संध्याकाळी या" म्हटलं तरी थांबू नका.

जायचं रद्द झालं तर क्लिनिकला कळवा. तो नंबर बहुतेक आपल्याच ग्रुपमधल्या कुणाला तरी हवा असतो.