पऱ्हाट्यांवर खापर कशाला?

जळगावच्या बिघडलेल्या हवेचे खापर शेतात जाळल्या जाणाऱ्या पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांवर, फोडणारे वृत्त (आपल्याच अंकात) वाचले. पऱ्हाट्या जाळू नयेत, हे मान्य. पण त्या पेटतात कापूस संपल्यावर, काही आठवडे. धूळ मात्र पावसाळा सोडला तर बारमाही आहे.

केंद्राचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून जळगावचे नाव त्याच्या यादीत आहे. सलग पाच वर्षे मानके न पाळणारी शहरे त्यात घेतली गेली. पीएम १० या धूलिकणांची आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना १५ सांगते. डाळमिल, चटई, पाइप असे उद्योग वाढले, त्यांच्या मालमोटारीही वाढल्या. रस्ते मात्र खोदलेले, बाजूपट्ट्या मातीच्या. चाकाखाली दळलेली तीच माती डिझेलच्या धुरासह, हिवाळ्यात वरच्या उबदार हवेच्या थराखाली, जमिनीलगतच्या थंड हवेत अडकून, नाकात जाते. पाणी मारण्याचा उपाय आमच्या उन्हात किती मिनिटे टिकतो, हे कुणीही उभे राहून पाहावे. आधी बाजूपट्ट्या पक्क्या करा आणि खोदलेला रस्ता बुजवल्याशिवाय ठेकेदाराचे बिल काढू नका.

— एक वाचक, जळगाव