सामरीला हसलात म्हणून

मुरुड,
भाऊबीजेनंतरचा रविवार

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

पुण्याला पोचल्याचा तुझा मेसेज मिळाला. चकल्यांचा डबा तुम्ही चौघांनी गाडीतच संपवला असणार. हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू "हो आई, बरं आई" म्हणतोस आणि विषय तिथेच संपतो. म्हणून लिहायला बसले.

भाऊबीजेच्या रात्री तुम्ही माडीवर लॅपटॉपवर 'पुराना मंदिर' हा भयपट लावला होतात. मी कॉफी घेऊन वर आले, तेव्हा त्यातला सैतान सामरी पडद्यावर होता आणि तुम्ही पोट धरून हसत होता. तुझा मित्र म्हणाला, "काकू, बघा ना, किती भंगार पिक्चर आहे!" मी कप ठेवले आणि खाली आले. त्या पिक्चरमध्ये हसायच्या जागा आहेत. जगदीपचा 'शोले'ची नक्कल करणारा भाग तर त्यासाठीच घातलाय. पण तुम्ही सामरीला हसलात ते मला लागलं.

हा पिक्चर १९८४ चा. मी पाहिला १९८६ च्या मे महिन्यात, चौदा वर्षांची असताना. वाडीतल्या सगळ्या घरांनी वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हिडिओ आणि रंगीत टीव्ही भाड्याने आणला होता. अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या. तीन पिक्चर होते आणि हा मुद्दाम शेवटी ठेवलेला. पेटीत कुलूपबंद असलेलं ते मुंडकं दिसलं, तेव्हा तुझी शकूमावशी माझ्या दंडाला अशी चिकटली की नखांचे वण उठले. त्याच वेळी वाऱ्याने माडाची एक झावळी कौलांवर पडली आणि अर्धं अंगण रिकामं झालं. पुढे कितीतरी दिवस रात्री विहिरीवर जायचं तर आम्हाला सोबत लागायची.

हा सामरी ज्याने केला तो माणूस कोण होता, तुला माहीत आहे? श्रेयनामावलीत त्याचं नाव अजय अगरवाल. खरं नाव अनिरुद्ध. रुडकीचा सिव्हिल इंजिनिअर. तू आत्ता ज्या विषयांच्या सबमिशनसाठी जागरणं करतोस, तेच विषय शिकलेला माणूस. सामरीला बोलायला फारसं नाहीच. आता आवाज बंद करून त्याचे प्रसंग परत बघ. चालण्यात घाई नाही. मान वळवतो तीही सावकाश. रागावलेल्या माणसाला घाई असते, सामरीला शेकडो वर्षं वाट बघायची सवय आहे, आणि हे त्याने संवादांवाचून अंगाने दाखवलंय. हे येरागबाळ्याचं काम नाही रे. पुढे 'बंद दरवाजा'त (१९९०) तो नेवला झाला. १९९४ मध्ये 'बँडिट क्वीन'मध्ये बाबू गुज्जर केला, आणि त्याच वर्षी डिस्नेच्या 'जंगल बुक'मध्येही दिसला. अशा उंचीचा आणि अशा चेहऱ्याचा नट मोठ्या पिक्चरच्या हिरोंच्या रांगेत उभा राहिला असता, तर त्याला किती वेळ उभं केलं असतं? इथे त्याला मध्यभागी जागा मिळाली.

त्याच पिक्चरमधले बाकीचे बघ. ठाकूर झालेले प्रदीपकुमार म्हणजे 'अनारकली', 'नागिन'चे हिरो आणि 'ताजमहाल'मधले शहाजहान. तुझी आजी त्यांचं नाव निघालं की अजून पदर सावरते. हिरोचा मित्र झालेला पुनीत इस्सर घे. १९८२ मध्ये 'कुली'च्या मारामारीत अमिताभला त्याचा ठोसा लागला आणि सगळा देश देवापुढे बसला. तो अपघात होता, पण त्यानंतर पुनीतच्या हातातली कामं गेली. टीव्हीवरच्या 'महाभारता'तला दुर्योधन व्हायला त्याला १९८८ उजाडावं लागलं. मधल्या त्या वाईट दिवसांत या पिक्चरने त्याला काम दिलं, आणि तो सामरीशी कसा जीव तोडून लढतो ते बघ. नगरचे सदाशिव अमरापूरकरही त्यात आहेत, 'अर्धसत्य'मधल्या रामा शेट्टीचं एवढं कौतुक झाल्यावर एका वर्षात. त्यांनी काम लहान म्हणून हात आखडता घेतला नाही. आरती गुप्ताने 'पुराना मंदिर', 'सामरी', 'तहखाना' असे तीन वर्षांत तीन भयपट केले. भीती खोटी वाटू न देता पुन्हापुन्हा किंचाळायचं, करून बघ एकदा.

आणि ज्यांनी हे पिक्चर काढले ते रामसे! त्यांच्या वडिलांचं, एफ. यू. रामसेंचं, मूळ आडनाव रामसिंघानी. कराचीत रेडिओचं दुकान होतं. गोऱ्या गिऱ्हाइकांना ते आडनाव उच्चारता येईना, म्हणून रामसे. फाळणीनंतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला पुन्हा दुकान टाकलं. १९७० चा त्यांचा एक पिक्चर आपटला, पण पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा घालून चोरी करतात त्या प्रसंगाला लोक दाद देत होते. मुलांनी ते हेरलं. सात भाऊ होते. कुमार लिहायचा, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन, गंगू कॅमेरा, किरण आवाज, अर्जुन संकलन, आणि केशूचा हात कॅमेऱ्यात आणि निर्मितीत. वडिलांनी त्यांना काश्मीरला हाउसबोटीवर नेऊन कॅमेराकामावरचं एक इंग्रजी पुस्तक धडा-धडा करून शिकवलं होतं. मग १९७२ मध्ये 'दो गज जमीन के नीचे'साठी अख्खं कुटुंब महाबळेश्वरला सरकारी गेस्ट हाउसवर जाऊन राहिलं. खर्च ३.५ लाखांच्या आसपास. घरातल्या बायका युनिटचं जेवण रांधत होत्या. दाराची ती करकर, हिरव्या-लाल उजेडातलं धुकं तुम्हाला स्वस्त वाटलं, आणि ते होतंच स्वस्त. पण त्या उजेडाने आमच्या वाडीतली मोठी माणसं घाबरवली होती.

सगळंच मला आवडतं असं नाही. आंघोळीचे ते उगाच घुसडलेले प्रसंग मला तेव्हाही खटकले होते, आजही खटकतात. गोष्ट भीतीची सांगायची आणि कॅमेरा भलतीकडे फिरवायचा, यात त्या मुलींच्या कामाचा अपमान आहे. हे तुझ्या मित्रांनी बोलून दाखवलं असतं तर मी तिथेच बसून होकार दिला असता.

तुझ्या अण्णा आजोबांमुळे मला या पिक्चरांची ओढ लागली. ते लहानपणी परळला, त्यांच्या वडिलांकडे राहिले. पणजोबा गिरणीत होते. तेव्हा भगवानदादांचे स्टंटपट लागायचे, अगदी थोड्या पैशांत काढलेले. भगवानदादाही गिरणी कामगाराचाच मुलगा. अण्णा म्हणायचे, पाळी सुटली की लोक अंगावरचा कापूस झटकत थेट थिएटरात. १९५१ मध्ये 'अलबेला' आला आणि भगवानदादांना सगळ्यांनी मोठं म्हटलं, पण अण्णांना ते त्याआधीच मोठे होते. पुढे त्यांचा जुहूचा बंगला गेला, गाड्या गेल्या, ते दादरच्या चाळीत परतले आणि मिळेल ते छोटं काम करत राहिले. गणपतीची मिरवणूक त्यांच्या चाळीपुढे थांबायची, 'अलबेला'चं गाणं वाजायचं आणि ते बाहेर येऊन तो आपला नाच करायचे. हे सांगताना अण्णांचा आवाज दरवेळी जड व्हायचा.

आता एक गंमत. तुम्ही त्या सकाळी नवाबाच्या राजवाड्याबाहेर उभे राहून फोटो काढलेत ना? रामसेंच्या पिक्चरांमधली हवेली म्हणून तो राजवाडा कितीदा दिसलाय! तुम्ही त्याच्यापुढे हसत उभे होता आणि तुमच्यापैकी एकालाही ते ठाऊक नव्हतं.

मे महिन्यात परीक्षा झाली की त्या तिघांनाही घेऊन ये. आत जाऊ देत नाहीत, खाजगी आहे, पण दिवेलागणीला फाटकापर्यंत चालत जाऊ. मग अंगणात चादर बांधून मोठा पिक्चर लावू, प्रोजेक्टर कुणाकडून मिळतो का बघ. शकूमावशीला मी आत्ताच सांगून ठेवलंय. ती येते म्हणाली, फक्त मध्ये बसणार म्हणाली, कडेला नाही.

थंडी पडायला लागली असेल, स्वेटर बॅगेच्या तळाशी आहे.

तुझी,
आई