खड्यांच्या गौरी चुकीच्या कशा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती जवळ आले की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून ज्येष्ठागौरीच्या पूजेची ‘शास्त्रोक्त’ पद्धत छापून येते : दोन मुखवटे, भरजरी साड्या, सोळा भाज्या, पुरणपोळी. ही माहिती खोटी नसते. पण ती काही घरांची असते, आणि ‘शास्त्रोक्त’ हा शब्द लागला की बाकीची घरे आपोआप चुकीची ठरतात.

आमचे मूळ घर लातूरकडचे. आमच्याकडे महालक्ष्म्या, म्हणजे मुखवट्यांच्या गौरी, उभ्या करतात, सोबत त्यांची मुलेही असतात. सूनबाई रत्नागिरीची; तिच्या माहेरी खड्यांच्या गौरी. लग्नानंतरच्या पहिल्या भाद्रपदात असेच एक कात्रण माझ्यापुढे धरून तिने विचारले, ‘‘आई, आमच्याकडे इतकी वर्षे चुकतच होते का हो?’’ मी कहाण्यांची पोथी काढली. आमच्या मुखवट्यांसमोर दरवर्षी जी कहाणी वाचतात, तिच्यातली म्हातारी गरीब ब्राह्मणाला तळ्याच्या पाळीवरून दोन खडेच आणायला सांगते, आणि नैवेद्य सांगते तो घावन-घाटल्याचा.

अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन एवढे सगळीकडे सारखे आहे. त्यापुढे गौर त्या त्या मातीची होते. कुठे ती मुळांसकट उपटलेल्या तेरड्याच्या रोपांतून येते, कारण ती मुळे म्हणजेच तिची पावले मानतात. कुठे पाणवठ्यावरून पाच किंवा सात खड्यांच्या रूपाने, आणणारीने वाटेत तोंडातून शब्द न काढता. कोकणात नव्या सुना सुपे घेऊन गौरीला ओवसायला, म्हणजे ती सुपे तिच्यापुढे ओवाळायला येतात, आणि तिथल्याच अनेक घरांत गौरीला वशाटाचा, म्हणजे मांस-मासळीचा, नैवेद्य असतो. माहेरवाशिणीला तिच्या आवडीचे वाढायचे, यात अशास्त्रीय ते काय? हे नैवेद्य चोरून, पाहुण्यांपासून लपवून दाखवण्याची पाळी कुणावर येऊ नये, असे मला मनापासून वाटते.

त्या वर्षापासून आमच्या मुखवट्यांशेजारी ताम्हनात पाच खडेही बसतात. दारात सूनबाईच्या पायांवर दूध-पाणी घालून ‘गौर कशाच्या पावलांनी आली?’ असे मी विचारते, ‘सोन्याच्या पावलांनी’ असे ती सांगते, आणि मग आम्ही दोघी गौरीला स्वयंपाकघर, देवघर, धान्याचे डबे दाखवत फिरतो. विसर्जनाहून येताना ती मूठभर वाळू आणते; कहाणीत सांगितल्याप्रमाणे ती घरभर टाकतो, तांदळाच्या डब्यावरसुद्धा.

यंदाच्या पुरवणीत एकाच पद्धतीची चौकट देण्याऐवजी मराठवाडा, विदर्भ, कोकण आणि घाटमाथा इथल्या बायकांकडून त्यांच्या घरची रीत लिहून मागवावी, आणि शीर्षकातून ‘शास्त्रोक्त’ हा शब्द काढावा, अशी विनंती आहे.

– एक वाचक, पुणे